भीती वाटते त्या दिवशी

आजचा शास्त्रभाग : स्तोत्रसंहिता ५६
सोबत वाचा : १ शमुवेल २१:१०-१५ आणि २२:१-२



आजचं मनन नेहमीपेक्षा थोडं लांब आहे. आणि मला लिहायला अवघडही गेलं, कारण यात मला स्वतःचीच एक गोष्ट कबूल करायची आहे. शक्य असेल तर आधी बायबल उघडून वरचे दोन्ही शास्त्रभाग वाचून घ्या, मग पुढे या.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री अडीचच्या सुमाराला मला जाग आली. छातीत काहीतरी आवळल्यासारखं होत होतं, डावा हात जड, तळहातांना घाम. माझे पप्पा पाच वर्षांपूर्वी असेच पहाटे गेले, हृदयविकाराच्या झटक्याने. वय एकोणसाठ. आदल्या रात्री जेवून, प्रार्थना करून झोपलेले. त्या दिवसापासून माझ्या छातीत साधी कळ आली तरी माझं मन थेट त्या पहाटेवर जाऊन थांबतं.

शेजारी बायको आणि चार वर्षांचा मुलगा झोपले होते. मी कोणालाही न उठवता कपडे बदलले, बाइक काढली आणि भर पावसात एकटाच कॅज्युअल्टीत गेलो. ईसीजी काढला, नॉर्मल. रक्त तपासलं, तेही नॉर्मल. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "हल्ली कसलं टेन्शन आहे का?" मी म्हणालो, "नाही." ही माझी तिसरी फेरी होती. याआधी स्ट्रेस टेस्ट झाली होती, टूडी इको झाला होता. रिपोर्टची फाइल जाड होत चालली होती आणि प्रत्येक पानावर एकच शब्द, नॉर्मल.

साडेपाचला घरी आलो. सहा वाजता नेहमीप्रमाणे मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोजचं वचन टाकलं. आमच्या वाचनक्रमात त्या दिवशी यशया ४१:१० होतं. देव आपल्या लोकांना भिऊ नका म्हणतो, तेच वचन. खाली मी दोन ओळी लिहिल्या : ख्रिस्ती माणसाच्या जीवनात भीतीला जागा नाही, विश्वास आला की भीती निघून जाते. थोड्याच वेळात हात जोडलेले इमोजी यायला लागले. "आमेन ब्रदर." "फार आशीर्वाद मिळाला ब्रदर."

माझ्या छातीवर ईसीजीच्या जेलचा चिकटपणा अजून तसाच होता.

त्या सकाळी मला फार लाज वाटली. वचन खरंच होतं, ते वचन माझ्यापाशी येऊन खोटं झालं नव्हतं. पण त्याखाली मी जे लिहिलं ते मला स्वतःला लागू पडत नव्हतं, आणि हे मला माहीत असताना मी लिहिलं होतं. मला दोनच निष्कर्ष दिसत होते. एक तर माझा विश्वास खोटा आहे, नाहीतर मी ढोंगी आहे.

मी इंजिनिअर माणूस. सॉफ्टवेअर तपासून पुढे सोडायचं हे माझं काम. सगळ्या टेस्ट पास झाल्या की आम्ही पुढे जातो. इथेही सगळ्या टेस्ट पास होत्या, तरी मन पुढे सरकत नव्हतं. तेव्हा कळलं की भीती रिपोर्ट वाचत नाही.

भिऊ नका, हे कोणाला सांगितलं?

लहानपणी संडे स्कूलपासून आपण ऐकत आलोय की बायबलमध्ये 'भिऊ नका' हे ३६५ वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. त्या आठवड्यात मी मोबाइलवरच्या बायबलमध्ये ते शोधून मोजायला बसलो. भाषांतर बदललं की आकडा बदलतो, आणि ३६५ काही येत नाही. थोडं हसू आलं. पण मोजता मोजता एक गोष्ट लक्षात आली, ती आकड्यापेक्षा मोठी होती.

हे शब्द ज्यांना ज्यांना सांगितले आहेत ते सगळे आधीच घाबरलेले आहेत. हागार रानात, पोरगं तहानेने मरायला टेकलेलं. मोशेच्या मागे उभे असलेले इस्राएल लोक, समोर समुद्र आणि पाठीमागून फारोचे रथ. रात्री शेतात राखण करणारे मेंढपाळ. वादळात होडीतले शिष्य. देव निर्धास्त बसलेल्या माणसाला जाऊन भिऊ नको म्हणत नाही. आणि बहुतेक ठिकाणी तो नुसतं तेवढं म्हणून थांबतही नाही, पुढे कारण देतो : मी तुझ्याबरोबर आहे, मी ऐकलं आहे, हा मीच आहे.

म्हणजे आई अंधारात रडणाऱ्या लेकराला "घाबरू नको, मी आहे ना" म्हणते, तसं ते आहे. त्या आवाजात दटावणी नाही. मी मात्र इतकी वर्षं ते दटावणीसारखं वाचत होतो. घाबरलास? म्हणजे तू नापास!

गथच्या वेशीवर दावीद

आता स्तोत्र ५६ कडे येऊ. या स्तोत्राच्या वर एक टीप दिलेली आहे : पलिष्ट्यांनी दावीदाला गथ येथे धरलं तेव्हाचं हे स्तोत्र. आपण स्तोत्रं वाचताना ही वरची ओळ बहुतेक वेळा सोडून देतो. इथे सोडू नका.

गथ म्हणजे कोणाचं गाव? गल्याथाचं. ज्या राक्षसी माणसाला दावीदाने गोफणीच्या एका दगडात पाडलं, त्याचं गाव. दावीद त्या वेळी शौल राजापासून जीव घेऊन पळतोय. आधी तो नोब इथे अहीमलेख याजकाकडे जातो, आणि तिथून निघताना हातात काय घेतो? गल्याथाचीच तरवार. तिच्यासारखी दुसरी नाही असं तो स्वतः म्हणतो. आणि ती तरवार घेऊन तो थेट गल्याथाच्याच गावात शिरतो!

विचार करा. घाबरलेला माणूसच असं करू शकतो. शौलाच्या भीतीने इतका गांगरलेला की धावत धावत दुसऱ्या शत्रूच्या दारात. भीती डोकं चालू देत नाही. रात्री अडीचला छातीत दुखतंय असं वाटत असताना पावसात एकटाच बाइक चालवत जाणारा मी, मला दावीद अगदी समजला.

पुढे काय होतं? आखीश राजाचे चाकर त्याला ओळखतात. हाच तो, ज्याच्यावर बाया नाचत गाणं म्हणत होत्या. शास्त्र इथे काही लपवत नाही, सरळ सांगतं की दावीद फार घाबरला. मग त्याने वेड्याचं सोंग घेतलं. वेशीच्या दारांवर ओरखडे काढू लागला, दाढीवरून लाळ गाळू लागला. आखीश वैतागून म्हणाला, माझ्याकडे वेडे काय कमी आहेत म्हणून हा आणखी एक आणलात?

गल्याथाला मारणारा दावीद आपल्याला चित्रांतून माहीत आहे. दाढीवर लाळ गाळणाऱ्या दावीदाचं चित्र कोणत्याच संडे स्कूलच्या भिंतीवर नसतं. पण स्तोत्र ५६ या दुसऱ्या दावीदाचं आहे.

आणि प्रिय वाचकहो, सोंग तर मीही घेत होतो. दावीदाने शहाणा असून वेड्याचं सोंग घेतलं, मी आतून मोडलेला असून धडधाकट असल्याचं सोंग घेत होतो. रोज सकाळी सहा वाजता.

१. भीती आणि भरवसा एकाच दिवशी

तिसऱ्या वचनात दावीद जे म्हणतो त्याचा भाव असा : ज्या दिवशी मी घाबरेन त्याच दिवशी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. मूळ इब्री भाषेत तिथे 'योम' हा शब्द आहे, म्हणजे दिवस. त्या दिवसाच्या पोटात दोन्ही गोष्टी आहेत, भीती आणि भरवसा. आधी भीती संपू दे, मग मी देवाकडे येतो, असं दावीद म्हणत नाही. घाबरलेलाच येतो.

मी नेमकं उलटं करत होतो. भीती गेली की प्रार्थनेला बसू, मन शांत झालं की बायबल उघडू, असं. रात्री छाती धडधडत असताना मी देवाचं नाव घेतलं नाही, गुगल उघडलं. का? कारण असा घाबरलेला चेहरा घेऊन देवापुढे जायची लाज वाटत होती. जणू देवाला तो दिसतच नव्हता.

आणखी एक बघा. तिसऱ्या वचनात 'घाबरेन', चौथ्यात 'घाबरणार नाही'. झालं, भीती जिंकली, आता स्तोत्र संपायला हवं. पण पाचव्या-सहाव्या वचनांत पुन्हा तेच शत्रू, तेच दबा धरून बसणारे, पावलांवर नजर ठेवणारे. आणि मग दहाव्या-अकराव्या वचनांत पुन्हा तेच भरवशाचे शब्द, जवळजवळ जसेच्या तसे. एकाच स्तोत्रात दावीदाला भरवसा दोनदा ठेवावा लागला. मला वाटायचं, भरवसा एकदा ठेवला की काम झालं. इथे तर तो श्वासासारखा आहे, पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. दुसऱ्यांदा घ्यावा लागला म्हणजे पहिला खोटा होता असं नाही.

या ठिकाणी मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली वारली. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, तब्येत खालावलेली. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ इब्री आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं जे काम त्यांनी हाती घेतलं होतं, ते त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः प्रभूकडे गेल्या. त्या महिन्यांत त्यांच्या मनात काय काय चाललं असेल हे देवच जाणे. पण दुःखाच्या दिवशीसुद्धा पुढचं वचन हातात घ्यायचं, हा भरवसाच होता. भरवसा म्हणजे छान वाटणं, असं त्यांच्या आयुष्याकडे पाहून तरी म्हणता येत नाही.

२. देव हिशेब ठेवतो

आठवं वचन या स्तोत्राचं हृदय आहे. दावीद देवाला म्हणतो की माझं भटकणं तू मोजलं आहेस, माझे अश्रू तुझ्या बुधलीत साठव, ते तुझ्या वहीत लिहिलेले आहेतच ना. ही बुधली काचेची नाही. त्या काळी पाणी, दूध, द्राक्षारस ठेवायची ती कातड्याची पिशवी, आपल्याकडच्या पखालीसारखी. इब्रीत 'भटकणं' आणि 'बुधली' हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात, 'नोद' आणि 'नोद'. वाळवंटात वणवण करणाऱ्याला पाण्याचा थेंब मोलाचा. दावीद म्हणतो, माझ्या डोळ्यातलं पाणीसुद्धा देवा, तू वाया जाऊ देत नाहीस.

मी हे वचन कैक वेळा वाचलं होतं. पण ते मला भेटलं नगरला, आमच्या जुन्या घरी.

सप्टेंबरात मम्मीकडे गेलो होतो. तिने कपाटातून पप्पांचं बायबल काढून दिलं. "तू वापर रे, इथे नुसतं पडून आहे." पप्पा शाळेत शिक्षक होते. शिसपेन त्यांच्या खिशाला कायम. बायबलच्या समासात बारीक अक्षरात खुणा करायची त्यांना सवय. मी सहज चाळता चाळता स्तोत्र ५६ वर आलो. समासात एकाखाली एक सात तारखा होत्या. काही स्पष्टीकरण नाही, शब्द नाही, नुसत्या तारखा.

त्यातली एकच मला ओळखता आली. ऑगस्ट २००६. माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचा आठवडा. फी भरायला पप्पांनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. मला तो दिवस चांगला आठवतो. फी भरून आम्ही स्टँडवर आलो, पप्पांनी मला उसाचा रस पाजला आणि हसत म्हणाले, "आता तू अभ्यासाचं बघ, बाकीचं आम्ही बघतो." मला वाटलं, या माणसाला कसलीच भीती वाटत नाही.

आणि त्याच दिवशी रात्री घरी येऊन त्यांनी हे स्तोत्र काढून समासात तारीख घातली होती.

मी जमिनीवर बसून खूप रडलो. मम्मी स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं काय झालं. मी तिला तारखा दाखवल्या. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्याच का? मला वाटलं जास्त असतील."

म्हणजे पप्पाही घाबरायचे. सात वेळा तरी. फक्त ती भीती कुठे न्यायची हे त्यांना ठाऊक होतं. बाकीच्या सहा तारखांना काय घडलं होतं हे मला कधीच कळणार नाही. मम्मीलाही आठवत नाही. पण एका वहीत ते नोंदलेलं आहे.

३. गथनंतर अदुल्लामची गुहा

दावीद गथहून निसटला आणि अदुल्लामच्या गुहेत गेला. १ शमुवेल २२ ची पहिली दोन वचनं नीट वाचा. त्याचे भाऊ आणि बापाचं घराणं हे ऐकून त्याच्याकडे खाली गेलं. मग संकटात असलेले, कर्जात बुडालेले, मनाने कडवट झालेले असे सगळे त्याच्याभोवती जमले, सुमारे ४०० माणसं. गथमध्ये दावीद एकटा होता आणि सोंग घेत होता. गुहेत सोंगाची गरज नव्हती, कारण तिथे जमलेला प्रत्येक जण काही ना काही गमावूनच आला होता. माझ्या मते देवाची मंडळी अशीच असायला हवी.

माझं सोंग मी स्वतःहून सोडलं असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. धुवायला टाकलेल्या जीन्सच्या खिशात बायकोला कॅज्युअल्टीची पावती सापडली. त्यावर वेळ होती पहाटे ३.१०. ती पावती हातात घेऊन ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू एकटा गाडी चालवत गेलास? आणि वाटेत खरंच काही झालं असतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "तुला उगाच त्रास नको म्हणून."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "मी इथे शेजारीच होते ना रे."

प्रिय वाचकहो, हे वाक्य मी आजवर ऐकलेल्या कित्येक उपदेशांपेक्षा खोल गेलं. कारण त्यात मला तिच्याबरोबर आणखी कोणाचा तरी आवाज ऐकू आला. मी इथे शेजारीच होतो ना रे.

त्याच शुक्रवारी आमच्या प्रार्थनासभेत वचन सांगायची पाळी माझी होती. मी तयार केलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि ही गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर खोलीत शांतता. मला वाटलं, झालं, आता यापुढे मला कोणी वचन सांगायला बोलावणार नाही.

मग आमच्या सभेतल्या एक आजी बोलल्या. त्या आयुष्यभर नर्स होत्या. म्हणाल्या, "बाळा, मी कितीतरी वर्षं रात्रपाळी केली. दोन ते चार या वेळेत पेशंट सगळ्यात जास्त घाबरतात. आम्ही काय करायचो? स्टूल ओढून शेजारी बसायचो. बोलायचंसुद्धा नाही फार. कोणी शेजारी आहे म्हटलं की हळूहळू श्वास खाली यायचा." त्यानंतर माझ्यासारखाच आयटीतला एक तरुण बोलला. तो तीन महिने बेंचवर होता आणि घरी अजून सांगितलेलं नव्हतं. मग एका ताईंनी मुलीच्या लग्नाबद्दलची चिंता सांगितली. त्या रात्री आमची सभा अकरापर्यंत चालली. अदुल्लामची गुहा आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आहे हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

आजींनी जाताना आणखी एक सांगितलं, तेही लिहितो. "प्रार्थना करच, पण एकदा समुपदेशकाकडेही जा. त्यात विश्वास कमी पडत नाही." मी गेलो. याला पॅनिक अटॅक म्हणतात हे तिथे कळलं, त्या वेळी श्वास कसा सोडायचा हे शिकलो. लूक हा वैद्य होता आणि पौलाचा प्रिय सोबतीही होता, हे आपण विसरू नये. आणि हो, छातीत दुखलं तर डॉक्टरांकडे जरूर जा, घरी बसून नुसता अंदाज करू नका. फक्त एकटे जाऊ नका.

प्रभू स्वतः त्या रात्रीत उतरला

हे सगळं खरं, पण माझी भीती शेवटी कसली होती? मरणाची. आणि मी गेलो तर माझ्या लेकराचं काय याची. तिथे स्टूल ओढून बसणारी माणसंही एका ठिकाणापर्यंतच येऊ शकतात. त्यापुढे कोण?

इब्री लोकांस पत्र २:१४-१५ मध्ये याचं उत्तर आहे. जी लेकरं रक्तमांसाची आहेत त्यांच्यासाठी प्रभू स्वतः रक्तमांसाचा झाला, यासाठी की मरणाच्या भीतीने जन्मभर गुलामीत असलेल्यांना त्याने मोकळं करावं. गुलामी हा शब्द मला चपखल वाटतो. भीती मालकासारखी वागते. ती रात्री उठवते, पैसे खर्च करायला लावते, बायकोपासून गोष्टी लपवायला लावते.

प्रभूने ही गुलामी लांबून हुकूम सोडून मोडली नाही. तो गेथशेमानेत उतरला. मार्क सांगतो की तिथे तो अत्यंत व्याकूळ झाला. त्याने पेत्र, याकोब, योहान यांना सोबत घेतलं आणि माझा जीव मरणप्राय झाला आहे असं त्यांना उघड सांगितलं, माझ्याबरोबर जागे राहा म्हणाला. देवाच्या पुत्राने सोंग घेतलं नाही. तो मोठ्याने रडला, घाम गाळत बापाकडे गेला, एकदा नाही तर तीनदा तीच प्रार्थना केली. त्याचे सोबती झोपी गेले. तरी तो उठून पुढे चालला, वधस्तंभापर्यंत आणि कबरेपर्यंत. आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होती.

म्हणून त्या शेवटच्या अंधाऱ्या टप्प्यावर मी एकटा नसेन. माझे पप्पाही त्या पहाटे एकटे नव्हते. पाच वर्षं मला हेच सलत होतं की त्यांच्या शेवटच्या क्षणी कोणी जागं नव्हतं. होता. एक जण जागा होता. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही हे आपण लहानपणी पाठ केलेलं असतं. मला ते पाठ होतं, आता पटलं.

मग आता भीती गेली का?

नाही. खोटं लिहिणार नाही, एकदा लिहून चुकलो आहे. पूर्वीपेक्षा कमी येते, पण येते. परवाच पुन्हा रात्री जाग आली. फरक इतकाच की मी गुगल उघडलं नाही. बायकोला हलवून म्हणालो, "आलंय." ती झोपेतच माझ्या पाठीवर हात ठेवून पडून राहिली. मी सावकाश श्वास सोडत तिसरं वचन मनात म्हणत राहिलो. वीस मिनिटांनी छाती सैल झाली. उठून पप्पांचं बायबल काढलं, आणि त्यांच्या सात तारखांच्या खाली माझी नववी तारीख घातली. पहिली ज्या दिवशी घातली तेव्हा हात थरथरला होता. आता ती ओळ वाढताना बघून उलट धीर येतो. प्रत्येक तारखेचा अर्थ असा की त्या दिवशी घाबरलो होतो, आणि त्या दिवशी देवाकडे गेलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो होतो.

स्तोत्राचा शेवटही तिथेच आहे. तेराव्या वचनात दावीद म्हणतो, तू माझा जीव मरणापासून सोडवलास, पाय घसरू दिला नाहीस, आता जीवनाच्या प्रकाशात मी देवासमोर चालेन. शौल अजून मेलेला नाही. दावीदाला अजून बरंच पळायचं आहे. तरी तो चालायचं म्हणतोय.

आजच्यासाठी

आज एवढंच करू या. एक, ज्या गोष्टीची भीती वाटते तिचं नाव घेऊन देवाला सांगा, सजवून नको, जशी आहे तशी. दोन, ती भीती एका माणसाला सांगा, जो तुम्हांला हसणार नाही. आणि तीन, आपल्या बायबलमध्ये स्तोत्र ५६ च्या समासात आजची तारीख शिसपेनने लिहा. कारण लिहू नका, देवाला माहीत आहे. कोण जाणे, वीस वर्षांनी तुमचं लेकरू ते पान उघडेल.

प्रार्थना

हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आम्ही घाबरतो हे तुला ठाऊक आहे. आमची सोंगं तुझ्यापुढे टिकत नाहीत, त्याबद्दल तुझे आभार. रात्री जागे असणाऱ्या प्रत्येकाजवळ आज तू बैस. ज्यांना रिपोर्टची वाट पाहायची आहे, ज्यांची नोकरी अधांतरी आहे, ज्यांनी घरात अजून काही सांगितलेलं नाही, त्यांना बोलायला एक माणूस दे. आमच्या मंडळ्यांना अशी जागा कर, जिथे घाबरलेला माणूस लाज न वाटता येऊ शकेल. आणि जेव्हा शेवटची पहाट येईल तेव्हा तू जागा आहेस हे आम्हांला आठवू दे. जो आमच्यासाठी त्या रात्रीत उतरला आणि उठला, त्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.